मुरगाव बंदरातली चार जहाजं : एका तटस्थ बंदराचं प्रकरण

आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास ३ मार्च १९४३ रोजी सुटला. तोवर पुण्याचा जीव टांगणीला लागला होता. त्यानंतर सहाव्या दिवशी, मंगळवारी ९ मार्चच्या रात्री, पुण्यापासून साधारण साडेचारशे किलोमीटरवर मुरगाव बंदरात तीन जर्मन आणि एक इटालियन अशी चार व्यापारी जहाजं पेटली आणि तिथंच बुडाली. गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. खलाशांनीच आपली जहाजं पेटवली, एवढंच तेव्हा बाहेर आलं. ते खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं. उरलेलं निम्मं जगासमोर यायला १९७८ साल उजाडावं लागलं.

पुण्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. तटस्थतेचा धडा आला की पाठ्यपुस्तकं 'अलाबामा' जहाजापासून सुरुवात करतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ब्रिटनमध्ये लिव्हरपूलजवळच्या गोदीत बांधलेल्या या जहाजाने उत्तरेकडच्या राज्यांची व्यापारी जहाजं बुडवली, आणि पुढे १८७२ मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला दीड कोटीहून अधिक डॉलर भरायला लावले. तटस्थ देशाने 'योग्य दक्षता' घेतलीच पाहिजे हे तत्त्व तिथून पक्कं झालं. महत्त्वाचं आहे, पण आमच्या मुलांना लिव्हरपूल दूरचं वाटतं. मुरगावला पुण्याहून रात्रीच्या गाडीने जाता येतं, म्हणून मी मुरगावपासून सुरुवात करते.

त्या रात्री काय झालं

'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची मालवाहू जहाजं. १९३९ मध्ये युद्ध भडकलं आणि हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराच्या तावडीत सापडण्यापेक्षा त्यांनी जवळच्या तटस्थ बंदराचा आसरा घेतला. इटली युद्धात उतरल्यावर इटालियन 'आन्फोरा'ही तिथंच अडकली. जर्मन जहाजं तर साडेतीन वर्षं एका जागी गंज खात उभी होती. बाहेर पडावं तर पकडले जाणार, राहावं तर राहायला मोकळीक.

त्या मोकळिकीला आधार होता. युद्धमान देशाच्या युद्धनौकेला तटस्थ बंदरात सर्वसाधारणपणे चोवीस तासच थांबता येतं. व्यापारी जहाजाला ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे ही चार जहाजं ठेवून घेण्यात पोर्तुगालने काहीही वावगं केलं नव्हतं. वर्गात निम्मी मुलं इथंच चुकतात. त्यांना वाटतं, शत्रूची जहाजं बंदरात ठेवली म्हणजे तटस्थता मोडली. तसं नाही.

ब्रिटनचं म्हणणं वेगळं होतं. 'एरेनफेल्स'वर एक छुपं बिनतारी यंत्र आहे, त्यावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांना कळवल्या जातात आणि अरबी समुद्रात जहाजं बुडतात, असा स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या ब्रिटिश गुप्त संघटनेचा संशय होता. १९४२ च्या अखेरीस याच संघटनेने गोव्यातून एका जर्मन हेराला त्याच्या बायकोसह पळवून ब्रिटिश हद्दीत आणलं होतं. लुईस प्यू या अधिकाऱ्याकडे पुढची मोहीम आली : जहाज ताब्यात घ्या, नाहीतर निकामी करा.

आरमार पाठवलं असतं तर तटस्थ बंदरावर उघड हल्ला झाला असता. म्हणून माणसं निवडली ती कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी दलातली. हे दल शेवटचं लढलं होतं ते बोअर युद्धात. त्यातले बहुतेक जण ताग-चहाच्या कंपन्यांतले, चाळिशी ओलांडलेले. कलकत्ता स्कॉटिशचे चौघे धरून सगळे अठरा जण. 'फीबी' नावाचा गाळ वाहून नेणारा बार्ज कोलकात्याहून वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आला आणि कोचीनला ही माणसं त्यावर चढली. अंगावर गणवेश नाही. पकडले गेलो तर सुट्टीवर निघालेले व्यापारी आहोत असं सांगायचं, अशी तयारी.

९ मार्च हा त्या वर्षी कार्निव्हालचा शेवटचा दिवस होता. वास्कोत रस्त्यावर नाचगाणी चालली असताना 'फीबी' अंधारात 'एरेनफेल्स'ला जाऊन भिडली. झटापटीत जहाजाचा कप्तान रोफर मारला गेला. हल्लेखोरांपैकी कोणी दगावलं नाही. जहाज हातचं जातंय हे पाहून जर्मन खलाशांनी तळातल्या झडपा उघडल्या आणि आग लावली, तशी त्यांची आधीपासून तयारी होती. ज्वाळा दिसताच बाकीच्या तिन्ही जहाजांवरच्या लोकांनीही तेच केलं. 'फीबी' आली तशी निघून गेली. पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागले ते फक्त खलाशी.

कायद्याची कलमं

या विषयाचा लेखी कायदा म्हणजे १९०७ चे हेग करार. जमिनीवरच्या युद्धासाठी पाचवा, समुद्रावरच्या युद्धासाठी तेरावा. मुरगावला तेरावा लागतो. त्याची तीन-चार कलमं मी फळ्यावर लिहिते.

पहिलं कलम सांगतं की युद्धमान देशांनी तटस्थ देशाच्या सार्वभौम हक्कांचा मान राखावा आणि त्याच्या भूमीवर किंवा पाण्यात तटस्थतेचा भंग ठरेल असं कोणतंही कृत्य टाळावं. दुसरं कलम, तटस्थ पाण्यात युद्धनौकांनी केलेली कोणतीही शत्रुत्वाची कृती, अगदी जहाज पकडणं किंवा झडती घेणंसुद्धा, सक्त मना. पाचवं कलम, तटस्थ बंदराचा तळ म्हणून वापर करायचा नाही, आणि विशेषतः तिथं सैन्याशी संपर्क साधायला बिनतारी केंद्र उभारायचं नाही. पंचविसावं, तटस्थ देशाने आपल्या हाती असलेल्या साधनांनिशी देखरेख ठेवून असले भंग रोखावेत.

एक विद्यार्थी बाकावरून उठून फळ्यापाशी आला आणि त्याने पाचव्या कलमातल्या 'बिनतारी' या शब्दावर बोट ठेवलं. "मॅडम, हे तर मुरगावसाठीच लिहिल्यासारखं आहे." खरं आहे. १९०७ मध्ये बिनतारी तारायंत्र नवं होतं, तरी करार लिहिणाऱ्यांना पुढचं दिसलं होतं. यंत्र चालू असेल, तर आधी जर्मनीने पोर्तुगालचा हक्क मोडला. मग ब्रिटनने मोडला. एकाच देशाचा हक्क दोघांनी मोडला, आणि त्या देशाने स्वतः दोघांपैकी कोणावरही हात उचलला नव्हता. लंडन बरोबर की बर्लिन, या वादात शिरायच्या आधी मला मुलांच्या डोक्यात हे बसवायचं असतं.

आणखी एक गाठ आहे. ब्रिटनने तेराव्या करारावर सही केली होती, पण अनुमोदन दिलं नव्हतं. शिवाय सर्व युद्धमान देश करारात असतील तरच तो लागू, असं करारातच म्हटलं आहे. मग ब्रिटन मोकळा सुटतो का? नाही. तटस्थ पाण्यात लढायचं नाही हा नियम १९०७ च्या कितीतरी आधीपासून राष्ट्रं पाळत आली होती. करारात तो फक्त कागदावर उतरला. रूढीचा कायदा सहीवाचूनही बांधतो.

लंडनच्या बाजूने

वर्गाचे मी तीन भाग करते : लंडन, लिस्बन आणि लवाद. लंडनच्या बाजूला बसलेल्यांनी या वेळी एक मुद्दा काढला, तो मला फार आवडला. दुसरं कलम 'युद्धनौकां'बद्दल आहे. 'फीबी' युद्धनौका नव्हती, ती गाळ वाहायची. माणसं नोकरीधंदेवाली, गणवेश नाही. म्हणजे कलम दोनचा भंगच झाला नाही.

लवादाला बसलेल्या तिघांनी आपसात बराच वेळ कुजबुज केली आणि मग पहिल्या कलमाकडे बोट दाखवलं. त्यात युद्धनौका हा शब्दच नाही. बंधन देशावर आहे. मोहीम ब्रिटिश सरकारच्या संघटनेने आखली, तिच्या अधिकाऱ्याने चालवली. मग होडीवर तोफ होती की गाळ, याने फरक पडत नाही. उलट साध्या कपड्यांतली माणसं पाठवून जबाबदारी टळत असती, तर कोणत्याच तटस्थ बंदराला कधी संरक्षण उरलं नसतं.

लंडनचा खरा, वजनदार मुद्दा पंचविसाव्या कलमाचा आहे. तटस्थ देशाने आपलं कर्तव्य केलं नाही, तर ज्याचं नुकसान होतंय त्याने किती काळ हातावर हात धरून बसायचं? समुद्रात माणसं बुडतायत, आणि पलीकडे बंदरात यंत्र वाजतंय. हा प्रश्न मी हलका मानत नाही. ब्रिटनने तीन वर्षांपूर्वी तो उघडपणे मांडलाही होता. १६ फेब्रुवारी १९४० रोजी नॉर्वेच्या येसिंगफियोर्डमध्ये 'कॉसॅक' या विनाशिकेने 'आल्टमार्क' या जर्मन जहाजावर चढून २९९ ब्रिटिश कैदी सोडवले. नॉर्वे तटस्थ होता. त्याने जहाजाची तपासणी वरवर केली, कैदी शोधलेच नाहीत, असं म्हणत पंतप्रधान चेंबरलेन पार्लमेंटमध्ये उभे राहिले. नॉर्वेने निषेध नोंदवला. दोन्ही सरकारांनी आपापली बाजू जगासमोर मांडली आणि कायद्याचे अभ्यासक आजही त्यावर भांडतात. तिथं भांडायला काहीतरी आहे : कैदी खरोखर सापडले, नॉर्वेच्या अधिकाऱ्यांशी आधी बोलणं झालं होतं, कृती उघड होती.

मुरगावला यातलं काय आहे? यंत्राचा पुरावा कोणत्याही न्यायाधीशासमोर, कोणत्याही लवादासमोर कधी ठेवला गेला नाही. जहाज तर समुद्राच्या तळाशी गेलं.

लिस्बनच्या बाजूने

इथं मुलांना मी एक जुनं प्रकरण देते. त्यातही पोर्तुगालचंच बंदर आणि ब्रिटनचाच हल्ला आहे. २६ सप्टेंबर १८१४, अझोर्स बेटांतलं फायाल. 'जनरल आर्मस्ट्राँग' हे अमेरिकन खासगी लढाऊ जहाज तटस्थ बंदरात नांगरून पडलं होतं. ब्रिटिश नौकांनी तिथं घुसून हल्ला केला, कप्तान रीडने कडवी झुंज दिली आणि शेवटी जहाज सोडून दिलं. अमेरिकेने भरपाई मागितली ती पोर्तुगालकडे : तुमच्या बंदरात आमचं संरक्षण करणं तुमचं काम होतं. वाद अनेक दशकं चालला. अखेर फ्रान्सच्या लुई नेपोलियनने लवाद म्हणून १८५२ मध्ये निवाडा दिला तो पोर्तुगालच्या बाजूने. अमेरिकन कप्तानाने सुरुवातीला बंदराच्या अधिकाऱ्यांकडे संरक्षण मागितलं नाही, स्वतःच शस्त्र उचललं, म्हणून पोर्तुगाल जबाबदार नाही.

आधी तटस्थाकडे मागा, मग त्याच्या नाकर्तेपणाबद्दल बोला. हे सूत्र लंडनला मुरगावच्या प्रकरणात जड जातं. ब्रिटन आणि पोर्तुगाल यांचा स्नेहाचा तह १३७३ चा. राजदूत लिस्बनला बसलेला. कर्तव्यच्युतीचा आरोप करायचा तर यंत्र बंद करा, जहाजाची झडती घ्या, ही मागणी ठणकावून आणि मुदत देऊन करायला हवी. आणि मागितलं तर मिळतं याचा दाखला त्याच वर्षी आहे. जून १९४३ मध्ये याच जुन्या तहाचा हवाला देऊन ब्रिटनने अझोर्समध्ये तळ मागितला, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने ऑगस्टमध्ये तो दिला आणि १२ ऑक्टोबरला चर्चिलने पार्लमेंटमध्ये तो तह नावासकट सांगितला. (तटस्थ देशाने एका बाजूला तळ देणं हे स्वतः तटस्थतेत बसतं का, हा निराळा धडा आहे. पोर्तुगाल जर्मनीला १९४४ पर्यंत वुल्फ्रॅमही, म्हणजे टंगस्टनचं खनिजही, विकत होता.)

कोणी म्हणेल, मागणी करत बसलं असतं तर वेळ गेला असता. तातडीचा निकष कायद्यात आहे, तो 'कॅरोलाइन' प्रकरणातला. १८३७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिशांनी नायगारा ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला नांगरलेलं हे जहाज पेटवलं. पुढे १८४१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांनी मांडणी केली ती अशी की, गरज तत्काळ, अनावर, दुसरा मार्ग आणि विचाराला क्षणही न उरू देणारी हवी. कोलकात्यात माणसं निवडून, त्यांना सराव देऊन, बार्ज अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आणला तो प्रवास कित्येक दिवसांचा. तेवढ्या वेळात दिल्ली-लंडन-लिस्बन तारा किती वेळा गेल्या-आल्या असत्या.

वास्कोच्या मुलीचा प्रश्न

मी फळ्यावर बंदराचा नकाशा काढला होता. शेवटच्या बाकावरची, मूळची वास्कोची विद्यार्थिनी पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, असं नाही ते. डोंगर मागे येतो, दक्षिणेला. बंदर उत्तरेकडे तोंड करून, समोर झुआरीचं मुख." तिने डस्टरने माझी रेघ पुसली, भूशिर काढलं, त्याच्या कुशीत धक्का आणि लाटा अडवणारा बांध काढला. मग खडू हातातच ठेवून तिने विचारलं, "सगळे पोर्तुगालचा हक्क म्हणतायत. इथं राहणाऱ्यांचं काय? तटस्थ कोण होतं?"

वर्ग गप्प झाला.

हा प्रश्न हेगच्या कोणत्याही कलमात मावत नाही, आणि मला तो या प्रकरणातला सगळ्यात खोल प्रश्न वाटतो. गोव्याने तटस्थ राहायचं ठरवलं नव्हतं, सालाझारने ठरवलं होतं. गोव्यात सभा घ्यायची मुभा नव्हती. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. लोहिया उभे राहिले तेव्हा त्यांना अटक झाली. आता सरहद्दीच्या अलीकडे पाहा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थान युद्धात आहे असं जाहीर केलं, एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीला न विचारता. पुण्याहून मिरज-लोंढामार्गे जाणारी रेल्वे कॅसलरॉकला ब्रिटिश हद्द सोडून घाटात उतरायची आणि कुळेला पोर्तुगीज जकातीत शिरायची. त्या घाटाच्या वर राहणारा माणूस न विचारता युद्धमान झाला, खाली राहणारा न विचारता तटस्थ. दोघांची भाषा एक, देव एक, सोयरिकी एकमेकांत.

मी तिला कायद्याचं उत्तर दिलं : तटस्थतेचा हक्क राज्याचा असतो, आणि वसाहतीच्या जमिनीवर तो राज्यकर्त्या देशाच्या नावे चालतो. उत्तर बरोबर आहे आणि तिचं समाधान झालं नाही. व्हायलाही नको. स्वतंत्र भारताने पुढे अलिप्ततेचं धोरण घेतलं त्यामागे ही १९३९ ची जखम होती. मुलं अलिप्तता आणि तटस्थता यांची गल्लत करतात, म्हणून इथंच सांगते : तटस्थता ही चालू युद्धातली कायदेशीर स्थिती आहे, तिला हक्क आणि बंधनं चिकटलेली असतात. अलिप्तता हे शांततेतही चालणारं धोरण आहे, आणि अलिप्त देश स्वतः युद्धात उतरू शकतो.

निवाडा

वर्गातल्या लवादाने दोन विरुद्ध एक असा कौल दिला : ब्रिटनने तटस्थतेचा भंग केला, आणि यंत्राचा वापर सिद्ध झाला असता तर भरपाईची रक्कम कमी झाली असती, पण भंग पुसला गेला नसता. तिसऱ्या विद्यार्थ्याने पंचविसाव्या कलमावर भर देऊन वेगळं मत लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. मी त्याला पूर्ण गुण दिले.

माझं मत बहुमतातल्या दोघांच्या बाजूने आहे, आणि त्याला एक कारण जोडते. ब्रिटनला आपली कृती कायद्यात बसते असं वाटलं असतं, तर त्याने ती 'आल्टमार्क'सारखी उघड केली असती. पण इथं गणवेश उतरवले, सुट्टीवरच्या व्यापाऱ्यांची कथा रचली, सहभागी झालेल्यांना ना पदक दिलं ना बोलायची परवानगी, आणि पस्तीस वर्षं तोंड बंद ठेवलं. ही लपवाछपवीच सांगते की नियम काय आहे हे लंडनला नीट ठाऊक होतं. युद्धात कायदा मोडला जातो तेव्हा लोक म्हणतात, मग कायद्याला अर्थ काय? मी त्यांना विचारते, मोडणाऱ्याला लपवावं का लागलं?

आणि पोर्तुगाल? बंदरात साडेतीन वर्षं उभ्या असलेल्या जहाजांवरची बिनतारी यंत्रं सीलबंद करून अधूनमधून तपासणं हे गोव्याच्या तोकड्या फौजेलाही जमण्यासारखं होतं. कलमात 'हाती असलेली साधनं' म्हटलंय, आरमार म्हटलेलं नाही. एका बंदर अधिकाऱ्याला चार शिपाई आणि लाखेचा शिक्का पुरला असता. तटस्थ देशाचं घर त्यानेच राखायचं असतं, आणि ते राखल्याचं दिसावंही लागतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच बंदरात काय झालं ते मी तासाच्या शेवटी सांगते. ऑक्टोबर १९४३ मध्ये मुरगावला दोन मोठी प्रवासी जहाजं आली. जपानकडून 'तेइया मारू', त्यात आशियात अडकलेले अमेरिकन आणि इतर नागरिक. न्यूयॉर्कहून 'ग्रिप्सहोल्म', त्यात जपानी नागरिक. 'ग्रिप्सहोल्म' तटस्थ स्वीडनचं. अमेरिकेची बाजू टोकियोत स्वित्झर्लंड सांभाळत होतं, जपानची वॉशिंग्टनमध्ये स्पेन. अदलाबदलीला जागा हवी होती ती दोघांनाही चालेल अशी, म्हणजे तटस्थ. ब्रिटनच्या ताब्यातल्या समुद्रातून जपानी जहाज कोणी न अडवता मुरगावला पोचलं. दोन्ही मिळून सुमारे तीन हजार माणसं एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढली, आणि जपानी छावण्यांतल्या कैद्यांसाठी रेडक्रॉसची औषधं आणि खोकी 'ग्रिप्सहोल्म'वरून 'तेइया मारू'वर गेली.

वास्कोच्या मुलीने फळ्यावर काढलेला धक्का तास संपला तरी तसाच होता. चार जहाजांच्या खुणांशेजारी तिने आणखी दोन काढल्या.